बाबांनी मिशी काढली तेव्हा

इतवारीतल्या आमच्या घराचा पुढचा निम्मा भाग म्हणजे बाबांचं दुकान होतं आणि मागच्या निम्म्यात आम्ही राहत होतो. मधे एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे आई, मी, चूल आणि पाण्याचे गुंड. पलीकडे दोन लाकडी खुर्च्या, भिंतभर आरसा आणि बाबा. सकाळी मला जाग यायची ती वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरल्याच्या आवाजाने. त्यामागून गल्लीतल्या हातगाड्या सुरू व्हायच्या, 'बाजू, बाजू' म्हणत हमाल जायचे, भांड्यांच्या दुकानांतून पितळी पातेली एकमेकांवर आदळायची. आई फोडणी टाकायची तेव्हा पडद्यापलीकडचं गिऱ्हाईक तोंडाला फेस असतानाच शिंकायचं आणि बाबा वस्तरा उचलून धरत म्हणायचे, "शिंकून घ्या भाऊ, मंग हात लावतो." आमच्या घरात कायम दोन वास असत, दाढीच्या साबणाचा आणि जवसाच्या चटणीचा. आज सक्करदऱ्याच्या या फ्लॅटमध्ये नुसती जवस भाजली तरी मला साबणाचा वास आल्यासारखा वाटतो.

बाबा अंगाने किरकोळ होते, पण मिशी अशी होती की नवखं माणूस आधी मिशीशी बोलायचं आणि मग बाबांशी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, फेस झाला, की ते एक पाऊल मागे यायचे, आरशात त्या चेहऱ्याकडे बघायचे आणि डाव्या हाताच्या चिमटीने मिशीचं टोक ओढायचे. हा त्यांचा विचार करायचा ढंग होता. मग त्याच हाताने गाल ताणून उजव्या हाताने वस्तरा फिरवायचे. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

त्यांचा जिवाभावाचा मित्र म्हणजे गुलाबरावकाका. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दोघं एका शाळेत शिकले, एकाच वर्गात नापास झाले, आणि काकांच्या ओठावर पहिली लव आली तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागला नव्हता. काका मला 'मास्तरीण' म्हणायचे, कारण मी पाटावर बसून मोठ्याने धडे वाचायची. पुढे मी खरंच विज्ञानाची मास्तरीण झाले, खापरखेड्याच्या वसाहतीतल्या मुलांना शिकवण्यात जन्म गेला. पण त्याचं मूळ काकांच्या चिडवण्यात नाही, मी आता सांगणार आहे त्या घटनेत आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात फोड यायचे. आईला काखेत गळू व्हायचं, मला मांडीवर. सगळे म्हणायचे, आंबे बाधले. आई जवस वाटून, शिजवून त्याचं गरम पोटीस बांधायची. कळ मस्तकात जायची आणि मी ओरडले की ती म्हणायची, "सोस वं माय, पिकलं की मोकळी होशीन." बाबांना मात्र कधी पुटकुळीसुद्धा आली नाही. त्यांची कातडी आम्हा दोघींपेक्षा नितळ होती आणि आई त्यांना कौतुकाने म्हणायची, "तुमाले आंबे कसे काय पचतात बावा?"

माझ्या नववीच्या वर्षी, थंडी सुरू होताना, गुलाबरावकाकांच्या दाढीत फोड आले. एकेका केसाच्या मुळाशी एकेक, टाचणीच्या डोक्याएवढा, टोकाला पिवळा. खाजायचे, फुटायचे, त्यावर मधासारखी खपली धरायची, आणि खपली पडली की शेजारी नवे. मग कापडाच्या दुकानातल्या मुनीमजींना तसेच आले. मग आणखी दोघातिघांना. गल्लीत ज्याला जे माहीत ते त्याने करून पाहिलं. कडुनिंबाचा पाला उकळून शेक झाला, हळद झाली. तुरटी झाली. मुनीमजी हनुवटीला जांभळं औषध लावून गादीवर बसायचे आणि येणारं-जाणारं माणूस थबकून बघायचं. काकांनी कुठूनशा गोळ्या आणून दोन-चार घेतल्या, जरा बरं वाटलं, सोडून दिल्या. फोड पुन्हा आले.

बाबांनी आपल्या परीने सगळं केलं. वस्तरे उकळले, ब्रश बदलले, टॉवेल सोड्यात शिजवले. आई मागे भट्टी लावल्यासारखी पातेली चढवत बसायची. तरी फोड थांबेनात, आणि मग गल्लीत बाबांच्या नावाने ते वाक्य फिरायला लागलं: दौलतचा वस्तरा लागला. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त मुनीमजी एका सकाळी आमच्या दारावरून पुढच्या चौकातल्या दुकानाकडे गेले आणि जाताना त्यांनी मान आमच्या दुकानाच्या उलट दिशेला वळवली. बाबा पट्ट्यावर वस्तरा घासत होते. हात थांबला. त्या दिवशी आईने केलेला गोळाभात त्यांनी चिवडून ठेवला. न्हाव्याच्या हाती माणूस आपला गळा देतो, एवढाच आमच्या घराचा मोठेपणा होता. तोच जायला लागला होता.

त्यातच काकांच्या वरच्या ओठावर, नाकपुडीखाली, एक मोठा फोड आला. त्यांनी आरशासमोर उभं राहून नखांनी तो दाबला. दुसऱ्या दिवशी ओठ सुजला, मग गाल, मग एक डोळा मिटला. तापाने अंग फणफणलं. त्यांच्या बायकोने रिक्षा करून त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा ते बरळत होते.

बाबांनी त्याच दुपारी दुकान बंद केलं. डबा घेऊन ते निघाले आणि मला म्हणाले, "चाल माह्यासंगं. डाक्टर काही बोलला तं तुले समजन, मले नाही समजत." मी गेले. लांबच लांब वॉर्ड, फिनेलचा वास, आणि एका खाटेवर काका. चेहरा ओळखू येत नव्हता. एका बाजूची कातडी लाल, ताणलेली, चकाकणारी. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, पुढे गेलेच नाहीत.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बोलायला हळू, पण बघायच्या अशा की समोरच्याला आपण खोटं बोलू शकणार नाही असं वाटावं. त्या काकांच्या बायकोला समजावत होत्या, मी ऐकत होते. "असे जंतू कातडीच्या वरवर असले, एखाददुसरा फोड असला, तर साबण-पाणी, गरम शेक आणि मलम एवढ्यावर भागतं. पसरले तर गोळ्या लागतात, आणि त्या बरं वाटलं तरी पूर्ण घ्याव्या लागतात. यांचं त्याच्या पुढे गेलंय. नाकाओठाच्या या भागातल्या रक्तवाहिन्या आत मेंदूकडे जातात. इथला फोड कधी दाबायचा नसतो. आता शिरेतूनच औषध द्यायला हवं."

"मंग देऊन राहिले ना, बाई?" काकांच्या बायकोने विचारलं.

"देतोय. पण उतार पडत नाही. कोणतं औषध या जंतूला मारतं ते बघायला पू तपासायला पाठवलाय." मग त्यांनी विचारलं, "यांची दाढी कोण करतं?"

बाबा म्हणाले, "मी करतो, बाई."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोष दिला नाही. किती जणांना असं झालंय, घरात कुणाला फोड येतात का, एवढंच विचारलं. मी मधेच बोलले, "आईले येतात, मले येतात. उन्हाळ्यात. बाबाले नाही येत." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या तुमचं सामान घेऊन या. वस्तरे, ब्रश, तुरटी, सगळं. आणि तुम्ही स्वतः या."

दुसऱ्या दिवशी बाबा न्हाव्याची पेटी छातीशी धरून गेले, मी सोबत होतेच. बाईंनी काडीच्या टोकाला लावलेला कापूस प्रत्येक वस्तूवर फिरवला आणि तो वेगवेगळ्या नळ्यांत घातला. मग नवी काडी घेतली आणि म्हणाल्या, "मान वर करा." बाबांच्या नाकपुडीत ती काडी गोल फिरवली. बाबांना शिंक आली, डोळ्यांत पाणी आलं. "नाकात काय हाये, बाई?" त्यांनी विचारलं. "बघू," एवढंच उत्तर मिळालं. मग माझं नाक, आणि पुढल्या दिवशी आईचं.

तपासणीचं उत्तर येईपर्यंत दुकान बंद होतं. तेवढं शांत घर मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्याचा आवाज नाही, कैचीचा नाही. फक्त बाहेरच्या हातगाड्या. बाबा खुर्चीत बसून आरशात बघत असायचे. आई पडदा बाजूला करून चहा ठेवायची आणि परत यायची.

मग बोलावणं आलं. बाई आम्हाला दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मी आयुष्यात पुढे पुष्कळ काही पाहिलं, पण त्या खोलीत जे पाहिलं त्याने जशी अंगावर शिरशिरी आली तशी पुन्हा आली नाही. टेबलावर काचेच्या झाकणदार ताटल्या होत्या. बाईंनी एकेक पुढे सरकवली. "हा वस्तरा." ताटली कोरी. "हा ब्रश. ही तुरटी." कोऱ्या. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, "हा त्यांच्या ओठावरचा पू." ताटलीवर गोल, गुळगुळीत, चमकदार ठिपके होते, सोन्याच्या मण्यांसारखे पिवळे. किळस यायला हवी होती. मला ते सुंदर वाटले. मग त्यांनी शेवटची ताटली सरकवली. तेच मणी. तसेच सोनेरी, तसेच गोल, दाटीवाटीने.

"आणि हे तुमचं नाक, दौलतराव."

बाबा ताटलीवर वाकले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे माह्या नाकात हाये?"

"हो."

"मंग मले काहून नाही झालं? मी काहून धडधाकट हावो?"

बाई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, कित्येक निरोगी माणसांच्या नाकात हे जंतू असतात. त्यांचं त्या माणसाशी जमलेलं असतं, ते गुपचूप राहतात. पण बोट नाकामिशीला लागलं, तेच बोट दुसऱ्याच्या गालाला लागलं, आणि त्या गालावर वस्तऱ्याने बारीकशी जागा सोललेली असली, की ते तिथे घर करतात. "तुमच्या हत्यारांत काही नव्हतं. तुम्ही ती चांगली ठेवलीत. ते तुमच्या श्वासाच्या दारात बसले होते. तुम्हाला कळणार कसं? हिचं आणि हिच्या आईचं नाक कोरं निघालं; त्यांचे उन्हाळ्यातले फोडही यांचेच असणार."

बाबांच्या डाव्या हाताची चिमटी नकळत मिशीकडे गेली, आणि अर्ध्यात थांबली. मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

वातावरण जड झालं म्हणून असेल किंवा मी ताटल्यांवर वाकून बघत होते म्हणून असेल, बाईंनी मला विचारलं, "बघायचंय?" मी बाबांकडे बघितलं. "दाखवा तिले," बाबा म्हणाले, "तिचे डोळे चांगले हायेत." सूक्ष्मदर्शकाच्या नळीला मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग बाईंनी एक चाक जरासं फिरवलं आणि उजेडात जांभळे गोल उमटले, एकमेकांना चिकटलेले, घडच्या घड, द्राक्षांसारखे. एवढंसं असणं, आणि त्याने काकांसारख्या दांडग्या माणसाला आडवं पाडावं. मला आंबे आठवले, आईचं पोटीस आठवलं, सगळे उन्हाळे आठवले, आणि हे सगळं चालू असताना हे गोल तिथे होते, आमच्याच घरात, कुणी न बघितलेले.

पण खरं नवल पुढे होतं. बाईंनी आणखी दोन ताटल्या काढल्या. एकीवर काकांचे जंतू दुधाच्या सायीसारखे सगळीकडे पसरू दिले होते, दुसरीवर बाबांचे. वर कागदाच्या बारीक गोल टिकल्या ठेवल्या होत्या, प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. "बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही जंतूंनाच विचारतो, तुम्हाला कशाचं भय वाटतं." एका टिकलीला जंतू अगदी खेटून वाढले होते, जणू ती तिथे नाहीच. "हे आपण त्यांना देत होतो," बाई म्हणाल्या, "म्हणून उतार नव्हता." पण दुसऱ्या एका टिकलीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ होतं. पौर्णिमेच्या चंद्राला खळं पडतं ना, तसं. त्या वर्तुळाच्या आत एकही जंतू आला नव्हता. "हे आज सकाळपासून सुरू केलंय." दोन्ही ताटल्यांवरची खळी तंतोतंत सारखी होती. त्या दोन काचांत माझे बाबा आणि त्यांचा मित्र शेजारी शेजारी ठेवले होते.

पुढे शाळेत हा धडा शिकवताना मी फळ्यावर ते खळं काढायची तेव्हा खडू हातात जरा थांबायचा. मुलांना वाटायचं बाई विसरल्या. अलीकडे माझ्या नातवाच्या गुडघ्यावर फोड आला, सून पटकन औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन आली, आणि मी तिला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या देऊ दिल्या नाहीत. डॉक्टरांनी नुसतं मलम दिलं, तेवढ्याने गेलं. तिला मी जुनाट वाटले असेन. पण जो तो मनाला येईल त्या गोळ्या अर्धवट घेतो आणि ती खळी वर्षागणिक लहान होत चालली आहेत असं वाचते, तेव्हा मला भीती वाटते.

बाईंनी बाबांना नाकात लावायचं मलम दिलं, अंघोळीला आणि हात धुवायला वेगळा साबण दिला. प्रत्येक गिऱ्हाइकामागे हात धुवायचे, टॉवेल आणि तुरटी ज्याची त्याला वेगळी, आणि नाकाला हात लावायचा नाही. "आणि मिशी?" बाबांनी विचारलं. बाई हसल्या. "मिशी राहू दे. हात लावू नका म्हणजे झालं."

बाबा घरी आले, आरशासमोर उभे राहिले, स्वतःच फेस केला आणि मिशी काढली. आई मागून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथेच थांबली. आमच्याकडे बाप गेला तरच पुरुष मिशी काढतो. आजोबा तर माझ्या जन्माआधीच गेले होते. "हे काय करून राहिले तुमी?" ती ओरडली. "कोण मेलं? काहून असं अभद्र करता?"

"कोणी मेलं नाही," बाबा म्हणाले. "मरू नये म्हणून काढली. हात ऐकत नाही माहा. जाते तिकडंच."

ते वळले. मी त्यांचा वरचा ओठ पहिल्यांदा बघितला. फिकट, लहान मुलासारखा. ज्या चेहऱ्याला मी बाबा म्हणत आले त्यात हा दुसराच एक माणूस इतकी वर्षं होता. आई तांब्या खाली ठेवून रडायला लागली, आणि मग त्यांच्याकडे बघून रडता रडता हसायला लागली.

काकांचा ताप उतरला. डोळा उघडला. सूज हळूहळू ओसरली, जशी आली होती तशीच उलट्या क्रमाने, आधी गाल, शेवटी ओठ. आम्ही डबा घेऊन गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, गालावर वाढलेली पांढरीकाळी दाढी. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि घाबरले. "दौलत! मिशी काहून काढली गा? मी मेलो असं समजला का?"

बाबा खाटेवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वस्तऱ्यात नव्हतं, माझ्यात होतं, असं म्हणाले. माझ्या हातून तुझा जीव जात होता, असंही म्हणाले.

काकांनी डबा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "म्हणजे इतके वर्ष आपण एका ताटात जेवलो ते कमी पडलं, नाकातलंबी वाटून दिलं तू." काकांची बायको "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत.

बाबांनी मलम नेमाने लावलं, सांगितलं तेवढे सगळे दिवस. मग बाईंनी पुन्हा काडी फिरवली. यावेळी ताटली पाहायला आम्ही तिघंही गेलो. ती कोरी होती. बाबा ती कोरी ताटली उजेडाकडे धरून इतका वेळ बघत राहिले की बाईंना हलकेच ती त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागली. जंतू परत येऊ शकतात, तेव्हा हात धुवायची सवय सोडू नका, असं त्यांनी बजावलं. मरेपर्यंत बाबांनी ती सोडली नाही.

दुकान उघडलं त्या सकाळी कुणीच आलं नाही. ऊन वर आलं. आईने पडदा बांधून वर सारला होता, आता पलीकडचं सगळं दिसत होतं. बाबा पट्ट्यावर वस्तरा फिरवत उभे होते, तो आवाज मात्र परत आला होता. मग गुलाबरावकाका आले. अंगावर धुतलेला सदरा, गालावर वाढलेली दाढी. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. काकांना ते माहीत होतं. ते मुद्दाम सावकाश चालत आले, खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"चाल गा," ते म्हणाले.

"नको, गुलाब," बाबा म्हणाले. "आणखी काही दिस जाऊ दे."

"डाक्टरीणबाई हो म्हणाली मले. तुलेच काय झालं?"

बाबांनी हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत. मी तांब्याने पाणी घालत होते. नवा टॉवेल काढला. फेस केला. मग वस्तरा उचलला. गल्लीतले सगळे बघत होते. डावा हात वर निघाला, हवेत थांबला, आणि सरळ काकांच्या गालावर गेला. त्यांनी कातडी ताणली आणि पहिला हात फिरवला. केस कापल्याचा बारीक करकर आवाज आला. मग दुसरा हात. नाकाखालच्या त्या जागेपाशी, जिथे नवी कातडी अजून गुलाबी होती, त्यांनी वस्तरा असा फिरवला की वाटावं ते तिथे श्वासच घेत नाहीत.

दाढी अर्धी झाली तेव्हा दाराशी उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघून गालात हसायला लागली. मी पुढे जाऊन पाहिलं. वस्तरा गळ्यावर होता, आणि गुलाबरावकाका तोंड उघडं टाकून घोरत होते.